जुन्या विमानाचं इंजिन : पार्ट सापडतो, कागद सापडत नाही

सैन्याच्या एअर ओपी विमानांवरचा भाग ऐकून एका श्रोत्यांनी विचारलं आहे, "आमच्या फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये एक पुष्पक अनेक वर्षं उभं आहे. ते पुन्हा उडवायचं तर इंजिनाचे पार्ट मिळतील का?" आजचा भाग या प्रश्नावर.

आधी थोडक्यात उत्तर. पुष्पकच्या इंजिनाचे पार्ट मिळतात. अवघड असतं ते प्रत्येक पार्टची खात्रीची जन्मकुंडली मिळवणं. जुनी विमानं बऱ्याचदा तिथेच अडतात.

पुष्पक हे एचएएलचं दोन आसनी विमान. पहिलं उड्डाण १९५८ सालचं. आपल्या फ्लाइंग क्लबांमधून कित्येक वैमानिक यावरच शिकले. त्यात कॉन्टिनेन्टल कंपनीचं सी-९० हे ९० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. ही निवड पुढच्या पिढ्यांच्या पथ्यावर पडली. याच घराण्यातून पुढे ओ-२०० हे इंजिन निघालं आणि ते सेसना १५० मध्ये बसलं. सेसना १५० जगभर हजारोंनी विकली गेली. मागणी राहिली, म्हणून पार्टही बनत राहिले.

आता उलट उदाहरण बघा. एचटी-२ हे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बनलेलं आपलं प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्यात ब्रिटिश सिरस मेजर इंजिन होतं, १५५ अश्वशक्तीचं. ते घराणं पुढे वाढलंच नाही. म्हणजे विमान आपलं, धडधाकट, पण इंजिन पोरकं. शेवटी काही एचटी-२ विमानांना अमेरिकन लायकमिंग इंजिन बसवावं लागलं. आमच्या एअर ओपीतल्या ऑस्टर एओपी-९ विमानाचं इंजिनही सिरस घराण्यातलंच, बॉम्बार्डियर नावाचं. तेही असंच दुर्मिळ. म्हणून जुनं विमान हाती घेताना पहिला प्रश्न हा विचारा : याच्या इंजिनाचं गोत्र आज जिवंत आहे का?

शोधाची सुरुवात बाजारात करू नका, इंजिनावरच्या पाटीपासून करा. पुष्पकच्या पाटीवर सी-९०-८एफ असं दिसेल. यातलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे. 'एफ' म्हणजे प्रोपेलर बसवायला क्रँकशाफ्टच्या तोंडाशी चकती आहे. 'आठ' म्हणजे स्टार्टर आणि जनरेटरची सोय नाही, प्रोपेलर हातानेच फिरवायचा. 'बारा' असेल तर ती सोय असते. बाहेरून दोन्ही इंजिनं भावंडं वाटतात, पण एकाचा पार्ट दुसऱ्याला चालेलच असं नाही. म्हणून पाटीवरचं मॉडेल आणि अनुक्रमांक, मग पार्ट्स कॅटलॉगमधला क्रमांक, मग तो क्रमांक बदलून कंपनीने नवा दिला आहे का, हे याच क्रमाने बघा. सोबत त्या पार्टबद्दल निघालेली सुरक्षाविषयक बंधनकारक पत्रकंही वाचा. कधीकधी हवा असलेला पार्ट मिळतो, पण तो वापरायला केव्हाच बंदी झालेली असते.

पार्ट येण्याचे रस्ते तीन. पहिला, मूळ कंपनी किंवा तिचा अधिकृत विक्रेता. दुसरा, मूळ कंपनीचा नसलेला, पण विमान नियामकाची मंजुरी घेऊन बनवलेला पार्ट. अमेरिकेत याला पीएमए म्हणतात. तो दुय्यम समजू नका, तो रीतसर असतो. तिसरा, दुसऱ्या इंजिनातून काढून, तपासून, दुरुस्त केलेला पार्ट. तिन्ही रस्त्यांवर सोबत प्रमाणपत्र लागतं : आपल्याकडे सीए फॉर्म वन, अमेरिकेचं ८१३०-३, युरोपचं ईएएसए फॉर्म वन. त्यावरचा क्रमांक आणि पार्टवर कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे. बाहेरच्या देशातलं कोणतं प्रमाणपत्र चालेल हे पैसे देण्याआधी तुमच्या परवानाधारक इंजिनिअरकडून आणि डीजीसीएच्या नियमांतून पक्कं करून घ्या.

इथे कुणीतरी म्हणतंच, "साहेब, आपल्याकडे लेथवर काय होत नाही? राजकोट, कोइमतूर, कोल्हापूर, कुठेही द्या." कारागिरीबद्दल मला शंका नाही. पण लेथवर आकार उतरतो, धातूचा स्वभाव उतरत नाही. क्रँकशाफ्टच्या पृष्ठभागावर नायट्रायडिंग करून एक कठीण, पातळ थर दिलेला असतो. जर्नल दहा थाऊ घासला की तो थर कमी होतो आणि पुन्हा ती प्रक्रिया करावी लागते. डोळ्यांना दोन्ही शाफ्ट सारखेच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो चुंबकीय तपासणीत आणि कागदावर. नाहीतर हवेत.

एका विक्रेत्याकडे मी व्हॉल्व्हचा संच बघितला होता. ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला, अगदी कोरा. प्रमाणपत्र मागितलं तर उत्तर आलं, "माल ओरिजिनल आहे, शब्द देतो." मायक्रोमीटर लावला तर दोन दांड्यांची जाडी बाकीच्यांपेक्षा वेगळी. संच तिथेच ठेवून आलो. शब्दावर जमीन घ्या एकवेळ, व्हॉल्व्ह घेऊ नका.

ही अतिसावधगिरी वाटत असेल तर १९८९ चा अपघात आठवा. पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचं जुनं कॉन्वेअर विमान समुद्रात कोसळलं आणि त्यातले सर्व ५५ जण गेले. तपासात शेपटीचा उभा पंखा धरून ठेवणारे बनावट, कमी ताकदीचे बोल्ट सापडले. आपल्या पुष्पकला तर इंजिन एकच. उड्डाणानंतर ३०० फुटांवर ते बंद पडलं तर विचार करायला मोजके सेकंद मिळतात, आणि शेजारच्या आसनावर बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी असतो.

अजून एक सापळा : जुना, पण न वापरलेला माल. धातू टिकतो, रबर टिकत नाही. सील, होस, डायफ्राम कोऱ्या पाकिटातही कडक होतात, त्यामुळे ते नवेच घ्या. आणि वर्षानुवर्षं न फिरलेल्या इंजिनात कॅमशाफ्टवर आणि सिलिंडरच्या आत गंज धरतो. लॉगबुकात उड्डाणाचे तास कमी दिसले म्हणून खूश होऊ नका.

तर त्या क्लबला माझा सल्ला असा. खरेदीआधी लॉगबुकं शोधा. इंजिन उघडून क्रँकशाफ्ट, क्रँककेस आणि कॅमशाफ्ट तपासून घ्या. हे तीन चांगले निघाले तर बाकीच्या पार्टचा हिशोब मांडता येतो. ते गेले असतील तर दुसरं संपूर्ण, कागदपत्रांसह इंजिन घेणं बहुधा स्वस्त पडेल. आणि तेही जमणारं नसेल, तर विमान स्वच्छ करून, रंगवून मुलांना बघायला ठेवा. उभं राहिलेलं पुष्पकही बरंच शिकवतं.

पुढच्या भागात लॉगबुक कसं वाचायचं ते बघू. प्रश्न पाठवत राहा. जय हिंद.