दातांची ओळ आणि वयाचा हिशेब

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत इच्छापोर येते. पूर्वीच्या या गावात आज हिरे-दागिन्यांच्या व्यवसायासाठी उभारलेले मोठे संकुल आहे आणि पुढे हजिऱ्याकडे खत व पोलादाचे अजस्र कारखाने. नोकरीच्या निमित्ताने या बाजूला आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणत्याही घरी एक संवाद सहज कानी पडावा. मुलगी आठ-नऊ वर्षांची. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले, मध्ये फट. आजी म्हणतात, “वय वाढेल तसे आपोआप बसतील.” आई म्हणते, “दहावी होऊ दे, मग पाहू.” आणि पाहता पाहता लग्नाची बोलणी सुरू होतात, तेव्हा कुठे दंतवैद्याचे दार आठवते.

या दिरंगाईत नेमके काय गमावले जाते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आजींचे म्हणणे निम्मे खरे आहे. नवे पटाशीचे दात येतात तेव्हा त्यांच्यामधील फट पुष्कळदा स्वाभाविक असते आणि अकराव्या-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरले की ती बहुधा बुजते. परंतु पुढे आलेले दात किंवा मागे राहिलेला खालचा जबडा अशा रीतीने आपोआप जागेवर येईलच, याची शाश्वती नसते. म्हणूनच सातव्या वर्षापर्यंत मुलाचे दात एकदा तज्ज्ञांना दाखवावेत, असा सल्ला अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने दिला आहे. दाखविणे म्हणजे लगेच तारा बसविणे नव्हे. बहुतेक मुलांच्या बाबतीत केवळ लक्ष ठेवणे पुरते. मात्र खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसत असतील, अंगठा चोखण्याची सवय सुटत नसेल, मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, तर वाट पाहू नये. किडलेली दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते. ती जागा राखण्यासाठी एक लहानसे साधन बसविता येते.

पौगंडावस्थेत शरीराची उंची झपाट्याने वाढते, तसा जबडाही वाढतो. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर त्याला वळण लावण्याचा हाच काळ. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा लवकर येतो आणि लवकर सरतो. म्हणजे ‘दहावीनंतर’ हा मुहूर्त मुलीच्या बाबतीत बहुधा चुकलेलाच असतो. वेड्यावाकड्या दातांना तारा बसविण्याचे कामही बहुधा याच वयात होते. तारेच्या सौम्य दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूस नवे तयार होते. ही क्रिया महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतकी संथ असल्याने दीड-दोन वर्षे लागतात. या काळात चिक्की, ऊस, कडक चकली वर्ज्य आणि प्रत्येक जेवणानंतर दात घासणे अनिवार्य. नाहीतर दात सरळ होतील, पण किडलेले निघतील.

मग वय उलटून गेलेल्यांनी निराश व्हावे काय? मुळीच नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असतील, तर चाळिशीतही दात हलविता येतात. मात्र जबड्याची वाढ थांबलेली असते. दोष जबड्यातच असेल, तर कित्येकदा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तंबाखू-माव्याने हिरड्या सैल झाल्या असतील, तर आधी त्यांचा उपचार. तारा नकोशा वाटणाऱ्यांसाठी पारदर्शक अलाइनर आले आहेत. पण ते दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात आणि प्रत्येक दोषावर ते चालत नाहीत.

उपचार संपल्यावर दात पुन्हा मूळ जागी सरकू पाहतात. म्हणून रिटेनर सांगितल्याप्रमाणे वापरलाच पाहिजे. केलेला खर्च व्यर्थ जातो तो बहुधा येथेच.

परप्रांतातील आपल्या घरांनी आणखी एक पथ्य पाळावे. मे महिन्याच्या सुटीत आजोळी गेले असता तेथेच तारा बसवून घेऊ नयेत. दर चार-सहा आठवड्यांनी कोण नेणार? बदली झालीच, तर दातांचे ठसे, एक्स-रे आणि उपचाराची नोंद मागून घ्यावी. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी शासकीय व पालिकेच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. अहमदाबादेस शासकीय महाविद्यालय आहे आणि मुंबई सेंट्रल स्थानकाजवळ 1933 साली स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय आहे. मात्र दर खेपेचा प्रवास हिशेबात धरावा.

आणि मुलीला घेऊन जाल त्या दिवशी, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या तिच्या आईनेही त्या खुर्चीवर एकदा बसावे. तिची वेळ गेली, असे अजून कोणी तपासून सांगितलेले नाही.