मुलांचे कार्ड आहे, मोठ्यांचे कुठे?

पायात खिळा घुसला की आपण दवाखाना गाठतो. डॉक्टर धनुर्वाताचे इंजेक्शन लिहून देतात, आपण ते मेडिकलमधून आणतो, कंपाउंडर टोचतो आणि विषय संपतो. याआधी कधी घेतले होते, हे बहुतेक वेळा डॉक्टर विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही.

खरे तर आधीचे डोस पूर्ण असतील, तर लहान व स्वच्छ जखमेला १० वर्षे आणि घाणेरड्या किंवा खोल जखमेला ५ वर्षे पुन्हा लस लागत नाही. उलट, सुरुवातीचे तीन डोस कधी झालेच नसतील, तर एका इंजेक्शनावर भागत नाही. देशात सार्वत्रिक लसीकरण १९८५ मध्ये सुरू झाले. त्याआधी जन्मलेल्या आपल्या आईवडिलांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आता धनुर्वात व घटसर्प या दोन्हींवर मिळून 'टीडी' ही एकच लस मिळते.

दुसरी लस कावीळ 'ब'ची. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. दवाखान्याचा कचरा उचलणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना वापरलेली सुई टोचण्याचा धोका रोजचाच. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात, की हा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ 'ब' आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे. "तू ठेकेदाराचा माणूस" म्हणून कोणी परत पाठवले, तर लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ही कोणाची मेहेरबानी नाही, हा हक्क आहे.

मेडिकलमधून लस घेतानाही डोळे उघडे ठेवू या. लस चिठ्ठीवरच घ्यावी. ती फ्रिजमधूनच काढून दिली ना, हे पाहावे. २ ते ८ अंश तापमान लागते. मुदत तपासावी, बिल घ्यावे. लस बर्फाला थेट चिकटवू नये, कारण टीडी आणि कावीळ 'ब'ची लस गोठली की निकामी होते. ती घेऊन तडक दवाखान्यात जावे, वाटेत घरी ठेवू नये.

शेवटी एक सोपे काम. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी वहीचे एक पान ठेवू या: लसीचे नाव, तारीख, बॅच नंबर, पुढचा डोस. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ते पान आपणच त्यांच्यापुढे ठेवू.