धुराड्यांच्या काठचा संसार

तलासरी तालुक्यातील झाईच्या किनाऱ्यावर वैशाखात भर दुपारी ओहोटी लागली, म्हणजे वाळूवर पाय ठेववत नाही. अशा वेळी खेकडा क्वचितच दृष्टीस पडतो. तो बिळातील ओल्या गारव्यात जाऊन बसलेला असतो. ऊन उतरले म्हणजे भुकेपायी पुन्हा वर येतो. उष्णता सोसण्यापेक्षा ती चुकविणे त्याला अधिक साधते. महासागराच्या तळाशी, जेथे शिसे वितळावे इतके तप्त पाणी उसळते, तेथील प्राण्यांनाही बव्हंशी हाच न्याय लागू पडतो.

वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील ऊन पाण्याची कुंडे पुष्कळांच्या परिचयाची आहेत. भूगर्भात मुरलेले पाणी तापते आणि भेगांवाटे वर येते. सागरतळी हीच क्रिया तप्त शिलारसाच्या सान्निध्यात घडते. म्हणून तेथील पाण्याचे उष्णमान ३५० ते ४०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. वरच्या पाण्याच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत मात्र नाही. सभोवतालचे पाणी अवघे दोन अंशांचे. त्यात मिसळताच विरघळलेली खनिजे काळ्या धुरासारखी बाहेर पडतात आणि त्यांचे थर साचून धुराडी उभी राहतात.

१९७७ साली पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांनजीक सुमारे २,५०० मीटर खोलीवर, अशा उष्ण झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती आढळली. सूर्यप्रकाश नाही, वनस्पती नाही. मग हे जीव खातात काय? ऊन पाण्याबरोबर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्या जंतूंवर बाकीच्यांचा निर्वाह चालतो. अर्थात दूर राहावे तर उपासमार, जवळ जावे तर होरपळ. या दोहोंमधील अरुंद पट्टा हेच त्यांचे घर होय.

धुराड्याच्या भिंतीवर नळी बांधून राहणारा पाँपेई नावाचा कृमी ऐंशी अंशांचे पाणी सोसतो, असा समज पुष्कळ दिवस प्रचलित होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे कृमी सागरतळाइतक्या दाबाच्या पात्रात ठेवून पाहण्यात आले, तेव्हा पन्नास अंशांच्या पुढे ते जगले नाहीत. कारण उघड आहे. अंड्यातील बलक तापविला म्हणजे घट्ट होतो, तो पुन्हा पातळ होत नाही. शरीरातील प्रथिनांचीही गत तीच. तेव्हा अधिक उष्णता सोसण्याचा मान सूक्ष्म जंतूंचाच. हिंदी महासागरातील ‘कैरेई’ नामक झऱ्यांवर मिळालेला एक जंतू १२२ अंशांतही वाढतो, असे २००८ साली दिसून आले.

प्राण्यांची खरी विद्या अंतर राखण्याची आहे. अटलांटिक महासागरातील धुराड्यांवर थव्याने राहणाऱ्या एका कोळंबीच्या पाठीवर प्रकाश टिपणारे इंद्रिय आहे. तप्त पाण्यातून निघणारी, मनुष्याच्या डोळ्यांना न दिसणारी मंद प्रभा ओळखून ती जपून वावरत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

कैरेई येथेच २००१ साली एक अपूर्व गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले असून त्यांवर लोहाच्या सल्फाइडचा लेप असतो. धुराड्यांची खनिजे अशी तिच्या अंगावर चढली आहेत. परंतु तीच खनिजे मनुष्यालाही हवी आहेत. २०१६ साली भारताने हिंदी महासागरात या सल्फाइडांच्या शोधाचा आंतरराष्ट्रीय करार केला. ते काम गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. २०२४ साली या केंद्राने व चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ४,५०० मीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याचे छायाचित्रही मिळविले.

सागरतळी उद्या खाणकाम होईल, या भयाने २०१९ साली त्या गोगलगायीची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली. त्या वेळी तिची वस्ती अवघ्या तीन ठिकाणी ज्ञात होती. झाईच्या खेकड्याला वाळू तापली तर बीळ आहे. या गोगलगायीला मात्र धुराड्याच्या काठाखेरीज दुसरा आसरा नाही. तो काठच खणून निघाला, तर तिने जावे कोठे?