कानाने टाकायचा गिअर

भाऊबीजेला बहीण येते, तिच्याबरोबर भाचा येतो. पण भाच्याबरोबर काय येईल हे कोणत्याही मामाला आधी सांगता येत नाही. आमचा भाचा गेल्या दिवाळीत पुण्याहून मूलला आला तो चक्क स्पोर्ट्‌स कार घेऊन! (बहीण बिचारी रेल्वेने आली. गाडीला आसने दोनच, आणि दुसऱ्या आसनावर चिरंजीवांचे सामान होते.)

गाडीचे नाव सॅन स्टॉर्म. पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गोव्यात ही गाडी तयार होत असे. फायबरचे अंग, रेनोचे ११४९ सी.सी.चे इंजिन, पाच गिअर आणि उंची अशी की आमच्या दारातली गायही तिच्याकडे वरून पाहत होती. मंडईत दंडार उभी राहावी तशी गल्लीतली पोरे तिच्याभोवती जमली. भाच्याने ती कोणाकडून तरी जुनी घेतली होती आणि पहिल्या अपत्यासारखी पुसत होता.

"मामा, चला केळझरपर्यंत!"

गेलो. मूल सोडले की चंद्रपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागते. एरवी या रस्त्याने जाताना मी झाडांत पट्टे शोधतो. त्या दिवशी मात्र माझे सारे लक्ष माझ्या मानेकडे होते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मान मागे. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कपाळ काचेकडे. गाडी करकरत नव्हती, दातावर दात घासत नव्हते. पण प्रत्येक गिअरला कोणीतरी मागून गुद्दा मारावा तसे होत होते.

"स्पोर्ट्‌स कार अशीच असते, मामा," भाचा म्हणाला.

संधी-समास शिकवणाऱ्या मामाला गिअरमधले काय कळणार, असा त्याचा भाव असावा. पण एक धडा मी बेडगावच्या घाटात शिकलो आहे, आणि तो या जन्मी विसरणे नाही.

२००९ सालची गोष्ट. भाऊबीज सरली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरतात आणि रात्र-रात्र नाटके रंगतात. कोरचीकडचे असेच एक नाटक पाहून आम्ही पहाटे परतत होतो. गाडी मित्राची, जुनी जीप. चालवणारा मी. मागे सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर झोपलेली दोन वर्षांची आमची मुलगी. शेजारी काकाजी. हे काकाजी आमचे शेजारी, एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. घाटाचा उतार लागला आणि मला डिझेल वाचवण्याची बुद्धी झाली. गाडी न्यूट्रलवर टाकली. जीप झकास धावू लागली. दोन वळणे ब्रेकवर निभावली, तिसऱ्याला जळका वास आला, आणि चौथ्याला पाय दाबला तरी गाडी म्हणावी तशी आवरेना. घाबरून क्लच दाबला, दुसरा गिअर टाकू गेलो, तर पेटीतून "कर्रर्र"! दांडा आत शिरायलाच तयार नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. समोर वळण येत होते.

काकाजींनी आवाजही चढवला नाही. "क्लच सोडा, मास्तर. रेस द्या. आनखी द्या. हां, आता दाबा न् टाका."

दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. इंजिन ओरडले, जीप अडखळल्यासारखी होऊन सावकाश झाली. मुलगी झोपेतच राहिली. खाली पुराड्याच्या बाजूला गाडी उभी करून मी बराच वेळ रस्त्याकडेला बसलो होतो. काकाजी तेवढ्यात तंबाखू मळत म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढते, त्याच गिअरात उतरवाव. ब्रेक थांबाले असते."

नंतर त्यांच्या ओट्यावर बसून मी तो सगळा हिशेब समजून घेतला. इंजिन एका वेगाने फिरते, चाके दुसऱ्या. मधली गिअरपेटी दोघांचा मेळ घालते. समजा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे आणि दुसऱ्या गिअरचे प्रमाण तिसऱ्याच्या दीडपट आहे. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा टाकला, तर इंजिनाला ३००० फेरे घ्यावेच लागतात. हे वरचे १००० कोणी द्यायचे? चालकाने रेस देऊन आधीच दिले, तर कोणाला कळतही नाही. न दिले, तर क्लच सुटताच चाके इंजिनाला मानगुटीला धरून पळवतात, त्यात गाडीचा वेग खर्ची पडतो आणि मामाचे कपाळ पुढे जाते. वरचा गिअर टाकताना याच्या उलट. इंजिनाला निवायला क्षणभर द्यायचा. घाई करायची नाही.

मला त्या वेळी आमचे व्याकरणच आठवले. 'जगत्' आणि 'नाथ' जवळ आले, की पुढच्या 'न'साठी 'त्' आधीच आपले रूप बदलतो. 'जगन्नाथ' म्हणताना सांधा जिभेला लागत नाही.

काकाजी तरुणपणी बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू नेणाऱ्या ट्रकवर होते. त्या जुन्या ट्रकांत दोनदा क्लच दाबल्याशिवाय खालचा गिअर पडतच नसे. एकदा दाबून न्यूट्रल, मग सोडून रेस, पुन्हा दाबून गिअर. मोटारींत १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणली, तेव्हापासून हा जाच हळूहळू सुटला. दात एकमेकांत शिरण्यापूर्वी एक कडे शंकूवर घासून पेटीतल्या चाकांचा वेग सारखा करते. मात्र क्लचच्या अलीकडे बसलेल्या इंजिनाचा वेग ते कडे जुळवीत नाही. भाच्याची गाडी करकरत नव्हती, तरी गुद्दे का मारत होती, याचे उत्तर एवढेच.

आता हे जुळवणेही यंत्राकडे गेले आहे. १९८९ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीने स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' धावली. तिच्या चालकाला गिअर टाकायचाच नसतो. कमरेच्या दुखण्याने निवृत्त झालेल्या चालकांना विचारा, ते तिचे स्वागतच करतील. मीही करतो. तरी ओट्यावरचे ते धडे आठवले की थोडे चुकल्यासारखे वाटते खरे.

केळझरहून परतताच मी भाच्याला काकाजींकडे नेले. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात, आणि कान जवळजवळ गेलेले. भाच्याने माझ्याकडे असे पाहिले, की हे काय शिकवणार!

काकाजींना त्या बुटक्या गाडीत बसवायला दोघे लागलो. आत बसताच त्यांनी गिअरच्या दांड्यावर विसावलेला भाच्याचा हात उचलून बाजूला केला. "इथं हात ठेवू नोको. आतले फोर्क झिजते." मग आपला तळवा इंजिनाकडच्या पत्र्यावर टेकवून म्हणाले, "तू चालव. मले कानानं आयकू येत नाही, हातानं येते."

गाडी दोघांची, मी फाटकापाशी उभा राहिलो. पहिला, दुसरा, तिसरा. तीनही गुद्दे मला तिथे ऐकू आले. मग आवाज जंगलाकडे विरून गेला.

पाऊण तास झाला तरी पत्ता नाही. बहीण दोनदा बाहेर येऊन गेली. संध्याकाळी या रस्त्यावर जनावर आडवे येते, हे तिला माहेरपणापासून ठाऊक. अखेर दूरवर इंजिन ऐकू आले. वळणापाशी आवाज एकदा हलकेच वर चढला, लगेच खालच्या गिअरात बसला, आणि मध्ये फट म्हणून राहिली नाही. चवड्याने ब्रेक दाबता दाबता पायाच्या कडेने रेस देण्याची युक्ती काकाजींनी त्याला शिकवली होती, हे मागाहून कळले.

भाचा उतरला तो घामाने निथळत. "मामा, चितळांचा कळप आडवा आला. मी ब्रेक मारला आणि दुसरा टाकला, तर यांनी माझ्या पाठीवर थाप मारली!"

काकाजी मात्र उतरेनात. पत्र्यावरचा तळवा तसाच. "मास्तर," ते म्हणाले, "पोराले म्हना, चिचपल्लीपर्यंत आनखी एक फेरी मारू. चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना अजून हात कापते त्याचा."