मेंढीला लाळ गळत नाही, पण रोग तोच!

माणसांच्या डॉक्टरने जनावरांच्या रोगावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण लाळ्या-खुरकूत रोगाबद्दल माझ्याही दवाखान्यात विचारणा होते. 'डॉक्टरसाहेब, मेंढरांत खुरकूत आलीय आन् पोराच्या तोंडात फोड. त्याला लागलं का हो?' असे म्हणत बाप पोराला पुढे करतो.

त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो : नाही. लहान मुलांच्या तोंडात, तळहातांवर आणि तळपायांवर फोड येतात तो 'हात-पाय-तोंडाचा रोग' वेगळा. दोन्ही विषाणू एकाच मोठ्या कुळातले, नावेही सारखी, म्हणून घोटाळा होतो. मुलांचा रोग मुलांकडून मुलांना लागतो, मेंढीकडून नव्हे. जनावरांचा लाळ्या-खुरकूत माणसाला झाल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. 1966 साली ब्रिटनमध्ये एकाला झाला होता, तोही सौम्य.

मग काळजी कशाची? कळपाची! गाई-म्हशींना हा रोग झाला की तोंडातून लाळेच्या तारा सुटतात आणि जनावर मचमच आवाज करते. रोगाला नाव पडले ते त्यावरून, आणि मेंढीच्या बाबतीत हेच नाव फसवते. तिला लाळ फारशी गळतच नाही. एक-दोन दिवस ताप येतो, ती चरायचे सोडून बसून राहते, लंगडते. वरच्या बिनदातांच्या हिरडीवर उथळ फोड येतात आणि चार दिवसांत भरूनही जातात. खुराच्या वरच्या कडेला आणि बेचक्यात फोड असतात, पण ते पाहायला मेंढी उलटी करावी लागते. एवढे कोण करतो? काटा रुतला असेल किंवा चिखलाने खूर कुजले असतील, असे म्हणून मेंढपाळ पुढे चालू लागतो. एखादी मेंढी लंगडली तर काटा जरूर शोधावा. पण एका दिवसात पाच-सहा लंगडू लागल्या, तर पशुवैद्यकांना बोलवावे.

कोकरांचे दुखणे मात्र मोठे असते. विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूंवर हल्ला करतो. अंगावर एकही फोड नसताना चांगले दूध पिणारे कोकरू अचानक कोसळते. घरचे म्हणतात, दृष्ट लागली किंवा पान लागले. गाभण मेंढ्याही गाभडतात. मोठी मेंढी सहसा मरत नाही, पण वर्षाचे उत्पन्न तिच्या कोकरांवरच असते ना!

मेंढीचे हे गप्प राहणे किती महागात पडते ते 2001 साली ब्रिटनने पाहिले. फेब्रुवारीत हा रोग एका कत्तलखान्यातल्या डुकरांत प्रथम लक्षात आला. पण तोवर रोगी मेंढ्या बाजारांतून विकल्या जाऊन दूरदूर पोहोचल्या होत्या आणि कोणाला पत्ताही नव्हता. साथ आटोक्यात आणताना साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, त्यांत बहुतांश मेंढ्या होत्या. मे महिन्यात अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूकही जूनमध्ये गेली.

आपल्याकडे माण, खटाव, फलटण भागातले धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढरे बसवून घेतात. तिथेच त्याचे बैल बांधलेले, तेच पाण्याचे डबके. रोग मेंढीकडून बैलाला किंवा बैलाकडून मेंढीला जायला आणखी काय हवे? बरी झालेली मेंढीसुद्धा कित्येक महिने घशात विषाणू बाळगून असू शकते.

आणि यात आपणही वाहक असतो. माणूस आजारी पडत नाही, पण त्याच्या वहाणा, काठी, घोंगडी, हात यांवरून विषाणू दुसऱ्या गोठ्यात जातो. नाकात-घशातही तो दिवसभर टिकू शकतो. म्हणून आजारी कळपाला हात लावणाऱ्याने त्या दिवशी दुसरीकडच्या जनावरांत जाऊ नये. दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात वहाणा बुडवाव्यात. आम्ल आणि क्षार या विषाणूला सोसत नाहीत. बाजारातून आणलेली मेंढी निदान तीन आठवडे वेगळी ठेवावी.

लस हाच खरा उपाय. 2019 साली सुरू झालेल्या केंद्राच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात मेंढ्या-शेळ्यांचाही समावेश आहे. टोचल्याबरोबर शक्ती येत नाही, आठवडा-दोन आठवडे लागतात. तेव्हा वाडा हलायच्या किमान तीन आठवडे आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

राहता राहिला दुधा-मटणाचा प्रश्न. दूध चांगले उकळून प्यावे. ते एरवीही तसेच प्यावे. आजारी जनावर कापू नये. बाजारचे मटण नीट शिजवले असेल तर या रोगाची भीती बाळगायचे कारण नाही.