काट्याच्या पोटातले साठ मायक्रोसेकंद

शिरवळच्या एमआयडीसीत कच्चा माल आला की गाडी आधी भुईकाट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हींतला फरक आणि छापील पावती. दूध संकलन केंद्रावरही हाच हिशेब किटलीच्या मापात चालतो. आकड्यावरून वाद पेटला की सगळ्यांची नजर काटा चालवणाऱ्याच्या बोटांवर जाते. पण बटणांच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक चिप असते आणि तिचेही काही स्वभाव असतात.

फळीखालचा लोडसेल वजनानं किंचित वाकतो. त्याला 5 व्होल्ट पुरवले तर पूर्ण भारालाही तो साधारण 10 मिलिव्होल्टच परत देतो. एवढ्याशा दाबाचा आकडा करणारी चिप म्हणजे एडीसी. ती 24 बिटांची असेल तर कागदावर 1,67,77,216 पायऱ्या मिळतात. प्रत्यक्षात खालच्या बऱ्याच पायऱ्या विजेच्या खरखरीतच बुडतात.

स्वस्त काट्यांत आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टांत हमखास भेटणारी अशी चिप म्हणजे एचएक्स711. प्रोसेसरशी तिचं बोलणं दोनच तारांवर चालतं. डेटाची तार शून्यावर आली की रीडिंग तयार. मग प्रोसेसर क्लॉकच्या तारेवर ठोके देतो आणि 24 ठोक्यांत 24 बिट बाहेर येतात. वर एक ठोका जास्त दिला तर पुढचं रीडिंग 128 पट मोठं करून घेतलं जातं. तीन जास्त दिले तर 64 पट. दोन दिले तर चिप दुसऱ्याच चॅनेलकडे वळते, 32 पटीनं.

वेगळी रीसेट पिन तिला नाहीच. क्लॉकची तारच 60 मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिली की चिप झोपते. तार खाली आली की ती जागी होते, पण सगळं विसरून, पुन्हा 128 पटीवर. पिन वाचवायची ही युक्ती हुशारीची खरी, तितकीच दगाबाजही. ठोके देताना मध्येच प्रोसेसरला दुसरं तातडीचं काम आलं आणि तार वरच अडकली, तर चिप रीडिंग अर्धवट टाकून झोपी जाते. काटा 64 पटीच्या हिशेबानं बसवलेला असेल, तर जागं झाल्यावरचं पहिलं रीडिंग जवळपास दुप्पट भरतं. म्हणून जाणता प्रोग्रामर ठोके देताना इतर कामं थोपवून धरतो आणि जाग आल्यावरची सुरुवातीची रीडिंग फेकून देतो.

वेगाची पिनही अशीच दुर्लक्षित. ती शून्यावर ठेवली तर सेकंदाला 10 रीडिंग, वर बांधली तर 80. जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं, पण 10 च्या वेगात घरगुती विजेची 50 हर्ट्झची गुणगुण गाळली जाते. दुधाच्या काट्याला कसली आलीय घाई?

महागड्या चिपांत रीसेटच्या पायऱ्या असतात. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या एडी7190 मध्ये सिंक नावाची पिन खाली ओढली की फक्त फिल्टर आणि मॉड्युलेटर नव्यानं सुरू होतात, रजिस्टरांतल्या सेटिंग्ज तशाच राहतात. पूर्ण रीसेटला मात्र पिन नाही. त्यासाठी डेटाच्या तारेवर सलग 40 वेळा ‘1’ पाठवायचा आणि पुन्हा बोलण्याआधी 500 मायक्रोसेकंद थांबायचं. मग सगळ्या सेटिंग्ज परत भराव्या लागतात. पाटी पुसणं वेगळं आणि दप्तरच विहिरीत टाकणं वेगळं.

काट्यावरचं झिरोचं बटण बहुधा यातलं काहीच करत नाही. ते प्रोसेसरच्या हिशेबातली एक वजाबाकी बदलतं. वजनाचा गुणकही तिकडेच, काट्याच्या मेमरीत असतो, आणि वैधमापन खात्याचं सील असतं ते त्याला कुणी हात लावू नये म्हणून. बरेच काटे चालू होताना फळीवर जे थोडंफार असेल तेच शून्य धरतात. फळीवरचा चिखल तसाच राहिला तर फरक पडत नाही, कारण भरलेल्या आणि रिकाम्या वजनांच्या वजाबाकीत तो उडून जातो. पण या दोन वजनांच्या मध्ये वीज गेली, काटा पुन्हा चालू झाला, तर दुसऱ्या वजनाचं शून्य निराळं असू शकतं. अशा वेळी पावती घेण्याआधी ड्रायव्हरनं गाडी खाली उतरवून पडद्यावरचं शून्य बघून घ्यावं आणि दोन्ही वजनं पुन्हा मागावीत.