कचेरीचा लॅपटॉप आणि घरचें काम

शिवशाहींतील घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, आणि ज्यास सरकारी पागेंतून घोडा मिळे तो बारगीर. शिलेदाराचा घोडा घरीं गेल्यावर काय करतो, हें पाहण्याचें सरकारास कारण नव्हतें. बारगिराची गोष्ट निराळी. घोडा सरकारचा, त्याच्या दाण्यावैरणीचा खर्च सरकारचा. मग त्याच घोड्यावर बसून एखादा बारगीर सासुरवाडीस जाऊन आला, तर तो त्याचा लाभ झाला कीं नाहीं? आणि झाला असेल, तर त्या लाभाची किंमत कोणीं व कशी ठरवावी?

हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपला असें कोणास वाटेल, तर तें खरें नाहीं. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. १६७० सालीं सिंहगडावर पडलेल्या त्या वीराची समाधि तेथें आहे. त्या गांवांत आतां पागेचे घोडे नाहींत, परंतु बारगीर मात्र तेथें आणि महाड-पोलादपूरच्या साऱ्या खोऱ्यांत आढळतील. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां मुंबई-पुण्याकडील पुष्कळ चाकरमानी कोंकणांतील आपापल्या गांवीं परतले. ज्यांचें काम कागदपत्रांचें व हिशेबाचें होतें, त्यांच्या पिशवींत मालकानें दिलेला लॅपटॉप होता.

उमरठचा असा एक चाकरमानी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. दिवसभर पडवींत बसून तो कचेरीचे हिशेब करतो. सायंकाळीं त्याच यंत्रावर त्याची मुलगी शाळेचा पाठ ऐकते. आईस सातबाराचा उतारा हवा असतो, तो त्यावरच निघतो. विजेचें बिल त्यावरच भरलें जातें. आतां यंत्र मालकाचें आणि हीं सारीं कामें घरचीं. तेव्हां या घरगुती वापरास पगार समजून त्यावर प्राप्तिकर बसवावा काय?

वरवर पाहतां हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं एक रास्त तत्त्व आहे. पगार नेहमीं नाण्यांतच मिळतो असें नाहीं. एका मालकानें नोकरास दरमहा पन्नास हजार रुपये दिले, आणि दुसऱ्यानें चाळीस हजार रुपये देऊन दहा हजार भाड्याचें घर राहावयास दिलें, तर दोघांची प्राप्ति सारखीच म्हटली पाहिजे. कर केवळ रोकड रकमेवर बसला, तर दुसरा नोकर कमी कर देऊन सुटेल, आणि मग पगार थोडा व सवलती फार अशी रीतच पडेल. म्हणून या वरकड लाभास, ज्यास इंग्रजींत ‘पर्क्विझिट’ म्हणतात, १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यानें पगाराच्याच सदरांत घातलें आणि १९६१ च्या कायद्यानें त्याची व्याख्या विस्तारानें केली.

तत्त्व रास्त असलें तरी तें लावतांना अडचण येते. १८९२ सालीं विलायतेंत लॉर्डांच्या सभेपुढें टेनंट विरुद्ध स्मिथ हा खटला चालला. स्कॉटलंडांतील मॉन्ट्रोज येथील बँकेच्या एका अधिकाऱ्यास बँकेच्याच इमारतींत राहणें भाग होतें. त्या जागेची किंमत त्याच्या उत्पन्नांत धरावी काय, हा वाद होता. ती जागा त्यास दुसऱ्या कोणास भाड्यानें देतां येत नव्हती, तिचा पैसा करतां येत नव्हता. सबब तें उत्पन्न नव्हे, असा निवाडा झाला. पुढें घरासंबंधानें निराळे कायदे होऊन तो निवाडा मागें पडला. परंतु कामासाठीं हातांत दिलेल्या वस्तूस लाभ केव्हां म्हणावें, हा प्रश्न त्यानें कायमचा मांडून ठेवला.

घर आणि मोटार यांचें मोजमाप तरी होऊं शकतें. घरास भाडें असतें, मोटारीस मैलांचा आंकडा असतो. संगणकाचें तसें नाहीं. एकाच घटकेंत मनुष्य मालकाचें पत्र लिहितो आणि घरचा निरोपहि वाचतो. हें वेगळें कसें काढावें? यासाठीं जगांत मुख्यतः तीन मार्ग चोखाळले गेले.

पहिला मार्ग नोंदवहीचा. अमेरिकेनें १९८४ च्या कायद्यानें संगणकास मोटारीच्या पंक्तीस बसविलें. कामाच्या जागेबाहेर तो वापरावयाचा असेल, तर धंद्यासाठीं किती व घरासाठीं किती याचा पुरावा ठेवावा, असें बंधन आलें. १९८९ मध्यें हातांतल्या फोनासहि तोच नियम लागला. यंत्रें महाग होतीं तोंवर हें कसेंबसें निभलें. पुढें तीं घरोघर झालीं आणि प्रत्येक वापराची टिपणें ठेवणें अशक्य झालें. शेवटीं २०१० सालीं फोन आणि २०१७ च्या कायद्यानें संगणक त्या यादींतून वगळण्यांत आले.

दुसरा मार्ग अंदाजाचा. भारतांत २००५ च्या वित्त कायद्यानें ‘फ्रिंज बेनिफिट टॅक्स’ नांवाचा कर आला. तो नोकरानें नव्हे, तर मालकानें द्यावयाचा होता. फोनावर केलेल्या खर्चाचा पांचवा हिस्सा नोकरांच्या सुखाचा समजावा आणि त्यावर शेंकडा ३० प्रमाणें कर घ्यावा, अशी त्याची रीत होती. म्हणजे १०० रुपयांच्या खर्चांत २० रुपये लाभ व त्यावर ६ रुपये कर. यांत कोणाच्या घरांत डोकावावें लागत नसे हें खरें. परंतु जो नोकर फोनावर घरचा एक शब्दहि बोलला नाहीं, त्याच्या नांवेंहि मालकास कर पडे. व्यापाऱ्यांनीं या हिशेबाबद्दल पुष्कळ तक्रार केली, आणि २००९ सालीं हा कर रद्द झाला.

तिसरा मार्ग सोडून देण्याचा. भारताच्या १९६२ च्या प्राप्तिकर नियमांपैकीं तिसऱ्या नियमांत तो आला. मालकानें आपल्या मालकीची एखादी जंगम वस्तु, उदाहरणार्थ शीतकपाट, नोकरास वापरावयास दिली, तर तिच्या मूळ किंमतीचा दहावा हिस्सा दरसाल नोकराचा लाभ धरावा, असें तेथें सांगितलें होतें. मात्र लॅपटॉप व संगणक यांस त्या नियमांतून स्पष्ट शब्दांनीं वगळलें होतें. साठ हजारांच्या शीतकपाटाबद्दल वर्षाला ६,००० रुपये उत्पन्नांत मिळवावयाचे. साठ हजारांच्या लॅपटॉपबद्दल शून्य. जर्मनीनेंहि २००० सालापासून मालकाच्या संगणकाचा खासगी वापर करमुक्त केला आहे.

परंतु या सवलतीची हद्द नीट ओळखली पाहिजे. शून्य होतें तें वापरापुरतें. यंत्र नोकराच्या मालकीचें झालें कीं हिशेब सुरू होई. संगणकाची किंमत प्रत्येक पुऱ्या वर्षाला उरलेल्या रकमेच्या निम्म्यानें घटवावी, असा नियम होता. साठ हजारांचा लॅपटॉप पहिलें वर्ष सरतां तीस हजारांचा आणि दुसरें सरतां पंधरा हजारांचा. त्या वेळीं मालकानें तो नोकरास पांच हजारांस दिला, तर उरलेले १०,००० रुपये त्याचा लाभ. तो शेंकडा २० च्या पायरीवर असला, तर उपकर सोडून त्यास २,००० रुपये कर पडे. अपुरें वर्ष हिशेबांत धरीत नसत. म्हणून दोन वर्षें अकरा महिने झालेलें यंत्र घेण्यापेक्षां एक महिना थांबणें नोकराच्या हिताचें होई. तसेंच, यंत्र न देतां तें विकत घेण्यासाठीं पगारांत रोकड वाढवून दिली, तर ती रक्कम पगारच ठरे. १९६१ च्या कायद्याच्या जागीं संसदेनें २०२५ सालीं नवा कायदा संमत केला आणि तो लागू होण्यास १ एप्रिल २०२६ हा दिवस नेमला. तेव्हां त्या दिवसापुढील व्यवहारासाठीं नव्या नियमांतील आंकडे पाहूनच हिशेब करावा.

आणखी एक सावधगिरी. करखात्यानें वापर सोडून दिला, म्हणून मालकानेंहि परवानगी दिली असें होत नाहीं. घरचें काम त्या यंत्रावर करूं द्यावें कीं नाहीं, त्यावर काय साठवावें, हें मालकाच्या नियमानें ठरतें. कर माफ झाला तरी शिस्त माफ होत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल. उमरठच्याच शेजारघरीं दुसरी मुलगी आहे. तिच्या बापास कचेरी नाहीं; त्यानें मजुरीच्या पैशांतून जुना फोन घेतला आणि त्यावर ती शिकली. मग पहिल्या मुलीस मालकाच्या यंत्राचा फुकट लाभ कां? हा आक्षेप खरा आहे आणि तो हंसून टाळतां येणार नाहीं. परंतु त्याचें उत्तर पहिलीच्या बापावर कर बसविण्यांत नाहीं. त्या करानें दुसरीच्या हातीं यंत्र येत नाहीं. तें शाळेनें व सरकारनेंच द्यावयास हवें.

शिवाय ताळेबंदास दोन बाजू असतात. यंत्र मालकाचें खरें, पण पडवी कोणाची? वीज कोणाची? रात्रीं नऊ वाजतां मालकाचें पत्र आलें म्हणून अर्ध्यावर टाकलेलें जेवण कोणाचें? घरचें काम कचेरीच्या यंत्रावर झालें तें मोजावयाचें, तर कचेरीचें काम घरांत झालें तेंहि मोजलें पाहिजे. आणि हें सारें खरोखर मोजावयाचें ठरविलें, तर सायंकाळीं साडेसात ते आठ मुलीचा पाठ, सव्वाआठ वाजतां आईचा उतारा, अशी घराची रोजनिशी प्रथम मालकापुढें व मग सरकारपुढें ठेवावी लागेल. थोड्याशा रुपयांसाठीं घराचें दार सदाचें उघडें राहील.

म्हणून येथें शून्य हा आंकडा औदार्यानें आलेला नसून विचारानें आलेला आहे. जी वस्तु मोजतां येते ती मोजावी. जी मोजण्यासाठीं मनुष्याच्या खांद्यावरून पाहावें लागतें, ती सोडावी. बारगिरानें सरकारी घोडा विकून खाल्ला, तर तो गुन्हाच. घोडा त्याच्या नांवें करून दिला, तर ती बक्षिसी, आणि तिची किंमत झालीच पाहिजे. पण वाटेंत पोराला पुढें बसवून त्यानें नदी ओलांडली, तर शहाण्या पागेदारानें त्याची नोंद न करणेंच बरें.